पन्नास टक्क्यांची मास्तरकी

मार्च महिना लागला की माझ्या फोनवर ऑफर लेटरांचे फोटो यायला लागतात. कुणाची भाची, कुणाचा शेजारी, कधी एखादी जुनी विद्यार्थिनी. सोबत एकच ओळ : 'ताई, फुल फंडिंग मिळालं!' मी अभिनंदन करते आणि लगेच विचारते : किती वर्षांचं? नऊ महिने की बारा? शिकवायचं किती सत्रं? पलीकडे जरा शांतता. मग, 'ते बघावं लागेल.' सातबारा न बघता जमीन घेणाऱ्याला आपण वेड्यात काढतो. पाच-सहा वर्षांचं आयुष्य ज्यावर बेतायचं, ते पत्र मात्र पहिल्या परिच्छेदापर्यंतच वाचतो.

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या पुष्कळ जणांचा खर्च शिकवण्यातून निघतो. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं व्याख्यान प्राध्यापक देतात, समोर दोन-तीनशे मुलं. मग त्याच मुलांच्या वीस-पंचवीसच्या तुकड्या पाडतात आणि त्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या हवाली होतात. बर्कली आणि मिशिगनमध्ये या मास्तरांना 'ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर' म्हणतात, म्हणजे जीएसआय. हार्वर्डमध्ये टीचिंग फेलो, प्रिन्स्टनमध्ये असिस्टंट इन इन्स्ट्रक्शन, बाकी बहुतेक ठिकाणी साधं टीए. पाटी वेगळी, काम तेच : तुकडीला शिकवा, ऑफिस अवर्सना बसा, पेपर तपासा आणि मधल्या वेळात स्वतःचं संशोधन करा.

पत्रात पहिल्यांदा शोधायचा तो टक्का. 'पन्नास टक्के नेमणूक' म्हणजे पूर्णवेळच्या निम्मं, आठवड्याला सरासरी वीस तास. बर्कली ज्याचा भाग आहे त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने कर्मचारी संघटनेशी केलेल्या करारात हा हिशेब नीट लिहिलेला आहे : पन्नास टक्क्यांवर एका सत्रात 340 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. यात वर्गात उभं राहण्याचे तास तर येतातच, पण तयारी, प्राध्यापकांबरोबरच्या बैठका, मुलांच्या ईमेलना उत्तरं आणि पेपर तपासणी हेही येतं. आपल्याकडून येणाऱ्या मुलांना हे पटत नाही. 'शिकवायचे फक्त तीन तास आहेत' म्हणून ती निवांत असतात आणि ऑक्टोबरात पहिल्या चाचणीचे दीडशे पेपर टेबलावर पडले की रात्री दोनपर्यंत जागतात. पहिल्या आठवड्यापासून तास टिपून ठेवा. वहीत, फोनमध्ये, कुठेही. काम अंगाबाहेर जायला लागलं तर प्राध्यापकांकडे जाताना 'फार होतंय' हे म्हणणं कच्चं पडतं. 'सातव्या आठवड्यात 180 तास झाले आणि अजून दोन परीक्षा आहेत' असं म्हटलं की बोलणं पुढे सरकतं. मी स्वतः शिकवत होते तेव्हा पहिल्या वर्षी कुरकुरले, दुसऱ्या वर्षी वही नेली. फरक मला माहीत आहे.

वीस तासांचा संबंध व्हिसाशीही आहे. एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. पन्नास टक्के नेमणूक घेतली की तो कोटा भरला. त्यावर 'ग्रंथालयात शनिवारी चार तास' किंवा 'दुसऱ्या विभागाचे थोडे पेपर' हे ओझं निरुपद्रवी वाटतं, पण नियम तिथेच मोडतो. कोणतंही जादा काम स्वीकारण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारा, तेही लेखी.

आता पैसा. पगाराचा आकडा सगळे बघतात, फीचं कलम फार थोडे वाचतात. खरी किंमत बहुतेक वेळा फी माफीत असते. मिशिगनमध्ये पाव नेमणूक असली तरी शिकवणी फी पूर्ण माफ होते. बर्कलीत पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त नेमणूक असेल तर फी माफी आणि आरोग्य विमा मिळतो. पण कॅलिफोर्नियात परदेशी विद्यार्थ्याला वर एक वेगळा आकडा लागतो : राज्याबाहेरच्यांसाठीची पूरक फी, पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी वर्षाला 15,102 डॉलर. अमेरिकन विद्यार्थी वर्षभरात राज्याचा रहिवासी ठरून यातून सुटतो, एफ-1वाल्याला ती वाट नाही. पीएचडीची पात्रता परीक्षा देऊन उमेदवारी मिळाली की ही पूरक फी तीन वर्षं शून्यावर येते. म्हणून तिथे पात्रता परीक्षा वेळेवर देणं हा अभ्यासाइतकाच खिशाचाही प्रश्न असतो. ऑफर आल्यावर सरळ विचारा : पूरक फी कोण भरणार, किती वर्षं, आणि ते पत्रात लिहिलेलं आहे का?

एमएसला जाणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. 'तिकडे गेल्यावर टीए मिळेलच' हा पुण्या-नाशिकच्या सल्लागारांचा आवडता दिलासा आहे. मोठे वर्ग असलेल्या विभागांत जागा निघतात, हे खरं. पण आधी मान पीएचडीवाल्यांचा, आणि स्वतःच्या फीवर चालणाऱ्या कित्येक व्यावसायिक अभ्यासक्रमांना फी माफीच लागू नसते. घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाच्या हप्त्यात न मिळालेल्या टीएशिपची रक्कम धरू नका.

पत्रात आणखी तीन ठिकाणी बोट ठेवा. पहिलं, महिने. नऊ महिन्यांचा पगार असेल तर उन्हाळ्याचं काय? उन्हाळी वर्ग स्वतंत्रपणे शिकवायची संधी असते का, मागच्या वर्षी विभागातल्या किती जणांना मिळाली, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा, ते खरं सांगतात. दुसरं, 'समाधानकारक प्रगती' आणि 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे शब्द. पाच वर्षांच्या हमीला या दोन खुंट्या असतात. 2025मध्ये तिथल्या संघीय सरकारच्या संशोधन निधीला कात्री लागली तेव्हा काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेशच कमी केले. संशोधनाचं अनुदान आटलं की तिथली मुलं शिकवण्याच्या जागांकडे वळतात, तेव्हा रांग वाढते. तिसरं, तारीख. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी एका ठरावावर सह्या केल्या आहेत : आर्थिक साहाय्याच्या ऑफरला 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. कुणी 'दोन दिवसांत सांगा' म्हणून घाई केली तर नम्रपणे या तारखेची आठवण करून द्या.

पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना सहज जातो. सोशल सिक्युरिटी नंबर काढायला विभागाचं पत्र लागतं, आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं पत्र लागतं, मग तिकडच्या सरकारी कचेरीत रांग. तोवर घरभाडं, अनामत, गादी, प्रेशर कुकर. दोन महिन्यांचा खर्च बरोबर न्या. कराचंही थोडक्यात सांगते. पगारावर आयकर लागतो. पण भारत-अमेरिका करारानुसार भारतीय विद्यार्थ्याला तिकडची प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बऱ्याच देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. पहिली पाच कॅलेंडर वर्षं सामाजिक सुरक्षेची कपातही होत नाही. पगारपत्रकात ती दिसली तर पेरोलवाल्यांना लगेच कळवा, नंतर परतावा मागण्यात वर्ष जातं.

आजचे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. 14 नोव्हेंबर 2022 रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही कॅम्पसवर मिळून सुमारे 48,000 शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. त्यात जीएसआय होते, संशोधन साहाय्यक होते, पोस्टडॉकही होते. ऐन सत्रअखेरीस, पेपर तपासायच्या दिवसांत. नाताळच्या तोंडावर करार झाला, आणि पन्नास टक्क्यांच्या जीएसआयचं नऊ महिन्यांचं किमान वेतन टप्प्याटप्प्याने 34,000 डॉलरवर, तर बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को या महाग गावांत 36,500वर गेलं. पुढच्या वर्षी मिशिगनचे जीएसआय मार्चच्या शेवटी संपावर गेले ते ऑगस्टपर्यंत. परदेशी विद्यार्थीही या कर्मचारी संघटनेचा सभासद होऊ शकतो, व्हिसा त्याच्या आड येत नाही. संपात उतरायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण कराराची पुस्तिका संघटना फुकट देते, ती न वाचणं मात्र शुद्ध आळस.

इथेच राहून एमटेक करणाऱ्यांना ही गोष्ट अगदीच परकी नाही. गेटवर आलेल्या विद्यार्थ्याला आयआयटीत महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, आणि त्या बदल्यात आठवड्याला आठ तास टीएचं काम असतं. बरेच जण ते सही-शिक्क्याचं काम समजून उरकतात. पुढे बाहेर अर्ज करायचा असेल तर तसं करू नका. कोणता विषय, किती मुलं, प्रयोगशाळा की तपासणी, स्वतः बनवलेला एखादा प्रश्नसंच, हे सगळं जपून ठेवा. 'टीए होतो' या दोन शब्दांपेक्षा अर्जात ते फार उठून दिसतं.

शिकवण्याकडे येते. बहुतेक विद्यापीठांत पहिल्यांदा शिकवणाऱ्यांना तयारी करून घेतात. बर्कलीत नव्या जीएसआयला सत्रारंभीची परिषद, आचारसंहितेचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि विभागाचा अध्यापनशास्त्राचा वर्ग अशा तीन पायऱ्या आहेत. मिशिगनचं अध्यापन केंद्र 1962चं, त्या देशातलं पहिलं. अशा केंद्रांची एक सेवा नक्की वापरा : सत्राच्या मध्यावर केंद्राचा सल्लागार तुमच्या वर्गात येतो, तुम्ही बाहेर जाता, तो वीसेक मिनिटं मुलांशी बोलतो आणि नंतर त्यांचं म्हणणं नावांशिवाय तुम्हाला सांगतो. दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहण्याची ती वीस मिनिटं दहावीच्या निकालापेक्षा लांब वाटतात. पण सत्र संपल्यावर मिळणाऱ्या शेऱ्यांनी त्या वर्गाचं काहीच भलं होत नाही. मध्यावर मिळालेल्यांनी होतं.

आपल्या मुलांच्या काही सवयी मात्र कुठल्याच परिषदेत कुणी दुरुस्त करत नाही. मुलं तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारतील, तो उद्धटपणा नव्हे. 'डाऊट आहे का?' असं विचारू नका. तिकडे डाऊट म्हणजे अविश्वास, 'क्वेश्चन' म्हणा. आणि गुणांची यादी नावांसकट दारावर लावू नका. कॉलेजच्या नोटीस बोर्डाची सवय असल्याने आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण तिकडे 1974 पासून विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी गोपनीय ठेवण्याचा संघीय कायदा आहे. मुलाच्या वडिलांनी ईमेल करून गुण विचारले तरी मुलाच्या परवानगीशिवाय ते सांगता येत नाहीत. तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवून 'आपापले शोधून घ्या' हेही चालत नाही.

माझी फजिती शब्दानेच केली. संख्याशास्त्राच्या तुकडीला पहिल्याच महिन्यात मी स्वतंत्र घटनांची संभाव्यता शिकवत होते. एक घटना एक-द्वितीयांश, दुसरी एक-तृतीयांश, दोन्ही घडण्याची किती? फळ्याकडे पाठ करून मी म्हणाले, 'हाफ इन्टू वन-थर्ड.' शाळेपासून आपला इन्टू म्हणजे गुणाकार. अमेरिकन मुलाच्या कानात मात्र 'टू इन्टू सिक्स' म्हणजे सहाला दोनाने भाग. पुढच्या चाचणीत पेपरामागून पेपर तपासले तर उत्तर दोन-तृतीयांश. एक-षष्ठांश यायला हवं तिथे दोन-तृतीयांश! पहिल्यांदा मुलांचा राग आला. पाचव्या-सहाव्या पेपरवर शंका आली. मग ऑफिस अवर्सना आलेल्या एका मुलीला 'हे कसं काढलंस?' विचारलं, तर ती म्हणाली, 'तुम्हीच तसं सांगितलंत.' वही उघडून दाखवली. एक-तृतीयांश भागिले एक-द्वितीयांश, माझ्या तोंडचे शब्द, तिच्या सुवाच्य अक्षरात. तसंच 'एक्स अपॉन वाय'चं. तिकडे 'एक्स ओव्हर वाय' म्हणतात, अपॉनला मुलं नुसती बघत राहतात.

ही गोष्ट एवढी सविस्तर सांगण्याचं कारण पुरस्कार.

शिकवण्याचे पुरस्कार जवळपास प्रत्येक मोठ्या विद्यापीठात असतात, आणि ते मिळण्याच्या वाटा वेगवेगळ्या असतात. हार्वर्डमध्ये मुलांनी दिलेल्या मूल्यांकनात ठरावीक पातळीच्या वर गेलात की तिथल्या बोक अध्यापन केंद्राचं गुणवत्ता-प्रमाणपत्र मिळतं, कुणाची शिफारस लागत नाही. येलच्या प्राइझ टीचिंग फेलोशिपसाठी पदवीचे विद्यार्थी नावं सुचवतात. मिशिगनला विभाग नामांकन करतो आणि रॅकम ग्रॅज्युएट स्कूल पुरस्कार देतं. एमआयटीत गुडविन पदक आहे. बर्कलीत दोन पायऱ्या : आधी विभाग आपल्या जीएसआयमधून काहींना 'उत्कृष्ट जीएसआय' म्हणून निवडतो, आणि मग त्यांनाच 'अध्यापन परिणामकारकता' पुरस्कारासाठी एक निबंध लिहिता येतो. तो निबंध एका पानाचा, आणि तीनच गोष्टी मागणारा : वर्गात कोणती अडचण दिसली, त्यावर विचार करून काय केलंत, आणि ते लागू पडलं हे कशावरून?

हा तिसरा प्रश्न बहुतेकांना पाडतो. 'मुलांना आवडलं', 'वर्ग उत्साही झाला' ही उत्तरं नव्हेत. माझ्या इन्टूचंच बघा. अडचण : अमुक चाचणीत एवढ्या मुलांचं उत्तर दोन-तृतीयांश. उपाय : शब्द सोडून 'टाइम्स' म्हणायला लागले हा सोपा भाग झाला. पण नीट बघितल्यावर दुसरं काही दिसलं. दोन्ही घटना घडण्याची संभाव्यता एकट्या घटनेपेक्षा जास्त कशी असेल, हा प्रश्न एकाही मुलाला पडला नव्हता. चूक माझ्या तोंडून गेली, पण ती त्यांच्या कागदावर टिकली याचं कारण उत्तराकडे पुन्हा बघायची सवयच नव्हती. म्हणून गणित सोडवण्याआधी उत्तर अंदाजे किती यायला हवं ते समासात लिहायचं, असा नियम केला. पुरावा : पुढच्या दोन चाचण्यांत त्याच जातीचे प्रश्न ठेवले आणि अशक्य उत्तरं किती आली ते मोजलं. आधीचे आकडे, नंतरचे आकडे, एवढंच. एका पानात बसतं.

पण हे लिहिता तेव्हाच येतं जेव्हा पहिल्या चाचणीचे आकडे टिपलेले असतात. चांगलं शिकवणारे खूप असतात. पुरस्कार बहुधा ज्यांच्याकडे कागद असतो त्यांना मिळतो, आणि यात मला अन्याय वाटत नाही. ज्याने मोजलं नाही त्याला आपण चांगलं शिकवतो हे तरी कुठून कळलं? तास टिपायची जी वही वर सांगितली तिच्याच मागच्या पानांवर वर्गाच्या नोंदी ठेवा. कोणतं उदाहरण फसलं, कोणत्या प्रश्नावर वर्ग गप्प झाला, गुणदानाचा तक्ता का बदलला. दोन ओळी, तुकडी सुटल्या सुटल्या, जिन्यात उभं राहून. रविवारी बसून सविस्तर लिहीन म्हणाल तर ते कधीच होत नाही.

फाईल करताना काही पथ्यं. मुलांचे ईमेल जोडायचे तर त्यांची परवानगी घ्या, नावं काढा, उत्तरपत्रिकेचा नमुनाही निनावी करा. प्राध्यापकांना शिफारसपत्र मागायचं असेल तर त्यांना सत्रात एकदा तरी वर्ग बघायला बोलवा, आणि तारीख आधी ठरवा. ज्यांनी तुमचा वर्ग पाहिलाच नाही ते 'मेहनती आणि मनमिळाऊ' एवढंच लिहू शकतात. आणि स्वतःचं नाव सुचवायला लाजू नका. आपल्याकडे स्वतःहून पुरस्कार मागणं म्हणजे लाज सोडणं. तिकडे विभागातल्या पदव्युत्तर कामकाज बघणाऱ्या बाई दरवर्षी 'कुणाची नावं आहेत का?' म्हणून ईमेल पाठवतात आणि दोन-तीनच उत्तरं येतात. त्यांच्याशी ओळख ठेवा. पगार अडकला, नेमणुकीचा टक्का चुकला, पुरस्काराची तारीख निघून चालली, सगळं त्यांच्याच टेबलावरून जातं.

पुरस्काराची मात्रा मात्र ओळखून असावं. पदवीच्या मुलांना मनापासून शिकवणाऱ्या छोट्या महाविद्यालयांत नोकरी हवी असेल तर अर्जात ही ओळ वजनदार ठरते. मोठ्या संशोधन विद्यापीठात ती प्रबंधाची भरपाई करत नाही, आणि कंपनीच्या मुलाखतीत कुणी विचारतही नाही. शिकवण्यात रमून प्रबंध दीड वर्ष लांबलेले हुशार लोक मी पाहिले आहेत. ते दीड वर्ष फंडिंगच्या हमीबाहेरचं होतं. तुकडी कितीही लाडकी असली तरी वीस तासांची रेघ तुमच्याच संरक्षणासाठी आखलेली आहे.

माझा पहिल्या वर्षीचा निबंध परत आला. त्यात इन्टूची गंमत रंगवून सांगितली होती आणि आकडा एकही नव्हता. दुसऱ्या वर्षीचा गमतीशिवाय होता, तो लागला. घरी फोन केला तेव्हा आईने दोनच गोष्टी विचारल्या : मुलांना तू मराठीत रागावतेस का, आणि रक्कम किती? रक्कम आधी पूर्ण सांगितली आणि नंतर तोंडघशी पडले, कारण पुरस्काराच्या पैशावरही कर लागतो आणि हातात येते ती कापून उरलेली. तुम्ही कापल्यानंतरचा आकडा सांगा.